सांगितलेले कुठवर जाते? समुपदेशकाकडे जाताना आपले हक्क



कबनूरमधल्या आपल्याच एका घरातला हा मुलगा. वय चोवीस. एका कारखान्यात रात्रपाळीला माग चालवायचा. बहिणीच्या लग्नाचे कर्ज, दर आठवड्याला फायनान्सचा हप्ता, आणि कापडाला उठाव नाही म्हणून आठवड्यातले दोन-दोन दिवस माग बंद. त्याची झोप गेली. पाळी संपवून घरी आला तरी डोळ्याला डोळा लागेना. जेवण तुटले, बोलणे तुटले. आईने कोणा देवऋषाचा उंबरा झिजवला नाही. कोणीतरी सांगितले म्हणून ती त्याला ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी असलेल्या एका ठिकाणी घेऊन गेली. एका बैठकीचे पाचशे रुपये.

पहिल्याच बैठकीत मुलगा रडला. कर्जाचे सांगितले. अधूनमधून दारू घेतो तेही सांगितले. कधी कधी ‘आपण नसलेलंच बरं’ असे वाटते, हेही सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे कोणापुढे उघड केले होते. दहा-बारा दिवसांनी कारखान्याच्या मालकाने त्याला बाजूला घेतले. म्हणाला, “डोकं ठिकाणावर नसलेला माणूस मागावर नको. कुठं हात-बित घालून घेशील आणि माझ्या गळ्यात येईल.” समुपदेशक आणि मालक एकमेकांच्या ओळखीचे होते. बोलता बोलता विषय निघाला होता. मुलाचे काम गेले.

यात आमचीही चूक आहे, ती आम्ही लपवत नाही. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमच्यापैकीच एकाने सगळ्यांदेखत त्याच्या आईला विचारले, “काय वहिनी, पोराला डोक्याच्या डॉक्टरला दाखवताय म्हणं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. पण ती माउली त्यानंतर दोन महिने विहारात आली नाही. मुलाने तर परत कोणापुढे तोंड उघडायचे नाही असे ठरवून टाकले. त्याला पुन्हा सरकारी रुग्णालयापर्यंत न्यायला आम्हाला चार महिने लागले. आता तो सावरला आहे, दुसऱ्या कारखान्यात दिवसपाळीला जातो.

हे सगळे आम्ही त्याला आणि त्याच्या आईला आधी वाचून दाखवले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांपैकी एकानेही नको म्हटले असते तर छापले नसते.

या पानावर आपण आजवर साखर, रक्तदाब, कापसाच्या धुळीने होणारा दमा यांबद्दल वाचले. मनाच्या दुखण्याला एक गोष्ट जास्त लागते. तिथे औषधाच्या आधी विश्वास लागतो, आणि तो एकदा मोडला की माणूस दुसऱ्यांदा दार ठोठावत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही सांगतो आहोत ते असे: समुपदेशकापुढे बसणारा माणूस याचक नसतो. त्याला हक्क असतात, आणि ते पाळणे हे समुपदेशकाचे काम असते.

समुपदेशन म्हणजे काय आणि काय नव्हे

समुपदेशन म्हणजे शिकलेल्या माणसाने दुसऱ्याचे नीट ऐकून घेणे, त्याची अडचण त्याच्याच डोळ्यांपुढे स्पष्ट करणे आणि वाट शोधायला मदत करणे. निर्णय मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. बैठक साधारण पाऊण तास ते तासभर चालते आणि एका बैठकीत सगळे सुटत नाही.

समुपदेशन म्हणजे प्रवचन नव्हे, धाक नव्हे आणि समजूत घालणेही नव्हे. ‘असे रडायचे नसते’, ‘तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले’ हे शेजारी फुकट सांगतात. त्यासाठी पाचशे रुपये मोजायची गरज नाही.

समोरचा माणूस कोण आहे?

पाटीवर काहीही लिहिलेले असो, आत बसलेल्याची ओळख आपण विचारायची. मनाच्या दुखण्यावर काम करणारे लोक चार प्रकारचे असतात.

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. गोळ्या लिहून देतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, तो डॉक्टर नसतो. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळ्या देत नाही. १९९२ च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद स्थापन झाली. तिच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव असावे लागते. त्या नोंदणीशिवाय कोणाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगण्यात कमीपणा नसतो.

मनोविकार क्षेत्रात शिकलेले सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका सरकारी रुग्णालयांत भेटतात. घरची परिस्थिती समजून घेणे, सरकारी योजनांशी जोडून देणे हे त्यांचे काम.

चौथा गट नुसत्या ‘समुपदेशकां’चा. इथे फार सांभाळायला हवे. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम. ए. केलेले, चांगल्या हाताखाली शिकलेले समुपदेशक आहेत. आणि दोन दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारेही आहेत. अनेक वर्षे यांच्यासाठी वेगळे रजिस्टरच नव्हते. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक यांना धरले आहे. पण प्रत्येक चांगल्या समुपदेशकाकडे आजच नंबर असेलच असे नाही. म्हणून त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: शिक्षण कुठे आणि किती झाले, किती वर्षे हे काम करता, आणि तुमच्या हाताबाहेरचा पेशंट तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे पाठवता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे परत जाऊ नये.

समुपदेशक गोळ्या देऊ लागला, ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद करा’ म्हणाला, किंवा ‘शंभर टक्के बरे करतो’ अशी हमी देऊ लागला, तर तिथून उठावे.

सांगितलेले कुठवर जाते?

आता त्या मुलाच्या गोष्टीकडे येऊ. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचे २३ वे कलम सांगते की मानसिक आजार असलेल्या माणसाला आपले दुखणे, उपचार आणि त्याबद्दलची सगळी माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे, आणि सेवा देणाऱ्यांनी ती गुप्त ठेवली पाहिजे. २४ वे कलम पुढे जाते. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

मग आतले काहीच कधी बाहेर जात नाही का? जाते, पण मोजक्या वेळी. माणसाच्या जिवाला धोका असेल, त्याच्याकडून दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल, न्यायालयाचा किंवा कायद्याने नेमलेल्या मंडळाचा आदेश असेल, किंवा उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला सांगणे भाग असेल, तेव्हा गरजेपुरते सांगता येते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. तिथे ‘घरातली गोष्ट घरात’ चालत नाही.

‘गरजेपुरते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपला मुलगा म्हणाला होता की आपण नसलेलंच बरं. हे ऐकून समुपदेशकाने त्याला सांगून त्याच्या आईला आत बोलावले असते, ‘याला एकटे ठेवू नका, उद्याच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा’ असे सांगितले असते, तर तो गोपनीयतेचा भंग नव्हता. ते त्याचे कर्तव्यच होते. पण मालकाला सांगून कोणाचा जीव वाचणार होता? जो वाचवू शकतो त्याला सांगणे हे कर्तव्य. जो काम काढून घेऊ शकतो त्याला सांगणे हा दगा. चांगला समुपदेशक ही मर्यादा पहिल्याच भेटीत स्वतःहून समजावून सांगतो. त्याने नाही सांगितले तर आपण विचारायचे: “मी सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगणार? आणि कधी?”

एचआयव्हीच्या बाबतीत याहून कडक नियम आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार तपासणीसाठी संमती लागते, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन लागते, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. या कारणाने कोणाला कामावरून काढणे किंवा शाळेत प्रवेश नाकारणे हा कायद्याने भेदभाव आहे.

आणखी एक भीती घराघरात आहे. कोणी जिवाचे बरेवाईट करायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून घरचे दवाखान्यातही खरे सांगत नाहीत. २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. तेव्हा लपवू नका. डॉक्टरला खरे सांगा, वेळेत सांगा.

‘मनावर घेऊ नका’

आपल्या मुलामुलींचा एक अनुभव वेगळा आहे. मुलगी कॉलेजात जाते. वर्गातले विचारतात, “तुला किती मार्क होते गं? कोट्यातनं आलीस ना?” वसतिगृहात ताट वेगळे होते. ती हे समुपदेशकाला सांगते, आणि तो म्हणतो, “तुम्ही लोक फार मनावर घेता.” अशा वेळी मुलीला वाटते की दोष आपल्यातच आहे.

दोष तिच्यात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २१ व्या कलमात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही असे स्पष्ट शब्दांत आहे. तिसरे कलम तर सांगते की माणसाची सामाजिक, आर्थिक किंवा धार्मिक ओळख पाहून, किंवा तो समाजाच्या चालीरीती मानत नाही म्हणून, त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे सासरच्या देवघरात हात जोडत नाही एवढ्यावरून सुनेला कोणी वेडी ठरवू शकत नाही. समुपदेशकाने नवस, उपवास, ग्रहशांती सुचवणे हेही त्याच्या कामात बसत नाही. त्याची श्रद्धा त्याच्या घरी. तशीच आपली श्रद्धाही त्याने आपल्यावर लादायची नसते.

डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. आदिवासी समाजातून आलेल्या या डॉक्टरचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाला असा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. त्याच वर्षी पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाविद्यालयांत जातिभेदाच्या तक्रारी ऐकणारी नीट यंत्रणा हवी, ही त्यांची मागणी. या दोन आयांनी दाखवून दिले की छळाच्या तक्रारीला तक्रारीचेच उत्तर हवे. ‘मुलीला समुपदेशनाची गरज आहे’ एवढे सांगून संस्थेला सुटता येत नाही. दुखावलेल्या मनाला आधार हवा आणि दुखावणाऱ्याला जाब हवा. एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये. चांगला समुपदेशक मुलीला धीर देतो, आणि तक्रार कुठे करायची तेही सांगतो.

हीच गोष्ट घरातल्या मारहाणीची. नवरा मारतो म्हणून बाई मदत मागायला जाते आणि तिला ‘जुळवून घे, लेकरांकडे बघ’ असे सांगून परत पाठवले जाते. यालाही लोक समुपदेशन म्हणतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली २००६ मध्ये नियम झाले. त्यांतल्या चौदाव्या नियमात न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकाने कसे वागायचे ते ठरवून दिले आहे. वादाशी संबंध असलेला किंवा दोघांपैकी कोणाचा नातेवाईक असलेला माणूस समुपदेशक म्हणून चालत नाही. समुपदेशन सुरू असताना मारहाणीचे समर्थन करू द्यायचे नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी मारणाऱ्याकडून घ्यायची. म्हणजे आधी मार थांबला पाहिजे, मग बोलणे. समोरची बाई ‘जुळवून घे’ एवढेच म्हणत असेल, तर ताई, हा नियम तिला सांगा.

सरकारी रुग्णालयात काय मागता येते

खासगी बैठकीचे पैसे प्रत्येकाला झेपत नाहीत, आणि झेपलेच पाहिजेत असेही नाही. कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ती मोफत मिळते, पिवळे रेशनकार्ड हातात असो वा नसो. आपल्याला जवळ इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय, आणि कोल्हापुरात सीपीआर. सीपीआर हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्याने तिथे मानसोपचार विभाग आहे.

तिथे गेल्यावर आपल्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, आजार काय, उपचार कोणता, त्याचे दुष्परिणाम काय, हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगून घेण्याचा हक्क आहे. ‘तुम्हाला काय कळतंय’ हे उत्तर नव्हे.

दोन, आपले केसपेपर आणि नोंदी मागण्याचा हक्क आहे.

तीन, स्वतःला ठरवता येणार नाही अशी वेळ आली तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, ते आधी लिहून ठेवता येते. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. तो माणूस नवराच असला पाहिजे किंवा वडीलच असले पाहिजेत असे नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. मला कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवण्याची सोय कायद्यात आहे.

चार, माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला ९५ व्या कलमाने बंदी आहे. भूल न देता विजेचे झटके देण्यालाही बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका मनोरुग्णांच्या खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतले लोक साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. आजही कुठल्या तरी बाबाच्या मठात ‘बाधा उतरेपर्यंत’ बांधून ठेवा असे सांगणारे भेटतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, आणि तो पास झालेला पाहायला ते राहिले नाहीत.

चूक झाली तर कुठे जायचे

पहिले म्हणजे, मधेच थांबण्याचा हक्क आपल्याला आहे. एका बैठकीनंतर नको वाटले तर जाऊ नये. कारण द्यावे लागत नाही. पुढच्या दहा बैठकांचे पैसे आधीच मागणाऱ्यापासून जपून राहावे.

रुग्णालयात अडचण आली तर आधी तिथल्या प्रमुखाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे समाधान झाले नाही तर कायद्याने नेमलेले मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाविरुद्धची रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे.

कुठेच नोंदणी नसलेला समुपदेशक असेल तर? पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. म्हणून पावती मागायचीच. आपल्या मुलाच्या आईकडे एकही पावती नव्हती, आणि त्यामुळे तिला पुढे काही करता आले नाही.

अंगाला नको तसा हात लावणे, फोनवर नको ते बोलणे, ‘बाहेर भेटू’ म्हणणे हे तक्रारीपुरते नाही, तो पोलिसांत जाण्याचा विषय आहे. उपचार करणाऱ्याने पेशंटशी असे संबंध ठेवणे कुठल्याच कारणाने चालत नाही, बाई ‘हो’ म्हणाली असली तरी.

वकील कुठून आणायचा? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

विहारात आपण काय पाळायचे

दुसऱ्याला जाब विचारायचा तर आधी आपले अंगण झाडावे. म्हणून आमच्या मंडळाने काही गोष्टी ठरवल्या आहेत, तुम्हीही आपल्या वस्तीत ठरवा. कोणाच्या उपचाराबद्दल चारचौघांत विचारायचे नाही. विचारायचेच तर एकट्याला गाठून, “बरं आहे ना? काही लागलं तर सांगा,” एवढेच. आरोग्य शिबिरात तपासणी करून घेणाऱ्यांचे फोटो न विचारता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. मन हलके करायला कोणी आपल्याकडे आले, तर ऐकून घ्यायचे, पण आपण समुपदेशक असल्याचा आव आणायचा नाही. सोबत दवाखान्यात जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. आत जाऊन ऐकायचा हट्ट धरायचा नाही.

याच हातकणंगले तालुक्यात, माणगावला, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर आले, आणि ज्यांचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते त्यांनी आपले म्हणणे स्वतः मांडले. स्वतः विचारायची आपली ती सवय दवाखान्याच्या दारात गेल्यावर सोडायची कशाला?

खालचे प्रश्न कापून घरी कपाटाला चिकटवा. पहिल्या भेटीत विचारा. वाचता येत नसेल तर मुलांकडून पाठ करून घ्या.

१. आपले शिक्षण काय? नोंदणी क्रमांक आहे का?
२. माझ्यासाठी आपण काय करणार, आणि साधारण किती बैठका लागतील?
३. एका बैठकीचे किती? पावती मिळेल ना?
४. मी सांगितलेले कोणाला सांगणार? कोणत्या वेळी?
५. आपण काय लिहून ठेवता, आणि ते मला बघायला मिळेल का?
६. मला थांबायचे असेल तर? आपल्याला जमणार नसेल तर कोणाकडे पाठवाल?

जो रागावला नाही आणि सहाही प्रश्नांची सरळ उत्तरे दिली, त्याच्यापुढे बसा. जो म्हणाला “एवढं विचारायचं असेल तर दुसरीकडे जा”, त्याचे ऐका, आणि खरेच दुसरीकडे जा.

आज रात्रीच कोणाला असह्य होत असेल तर सकाळची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतून मिळते. फोन करताना नाव सांगावेच लागते असे नाही. लेकरांसाठी १०९८ आहे, बाईला घरात धोका असेल तर १८१. आणि शेजारच्या घरात दिवा रात्रभर जळताना दिसला, तर उद्या सकाळी चहाला बोलवा. काही विचारू नका. आधी चहा द्या.